लघवी सुटते, ते वयाच्या माथी मारू नका

"पन्नाशीनंतर बायकांना असं व्हायचंच." "दोन बाळंतपणं झाली, आता एवढं चालायचंच." "बाहेर जायचंय ना, मग पाणी कमी पी." ही वाक्यं आई मुलीला ऐकवते, सासू सुनेला ऐकवते, आणि अनेक दवाखान्यांत टेबलापलीकडून डॉक्टरही हेच बोलतात. शिंकताना, खोकताना, हसताना, पाण्याची कळशी उचलताना लघवी सुटणं, किंवा संडासाच्या दारापर्यंत पोचायच्या आत परकर ओला होणं, हे बाईच्या जन्माला लागूनच आलंय असा या सगळ्यांचा समज आहे. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी ज्यांचं नुकसान होतं त्या तोंडातून शब्द काढत नाहीत. म्हणून तो एकदा नीट खोडून काढायला हवा.

समोरच्याचं जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करते. हा त्रास खूप जणींना असतो. नॉर्वेत नव्वदच्या दशकात सुमारे २८ हजार बायकांना विचारलं गेलं, तेव्हा चौघींतल्या एकीने लघवी सुटत असल्याचं सांगितलं. वयाबरोबर प्रमाण वाढतं हेही खरं. पण पुष्कळ जणींना होतं म्हणून ते सोसायचंच, हा निष्कर्ष कुठून आला? मोतीबिंदूही साठीनंतर घरोघरी होतो. म्हणून आजोबांना कुणी 'वय झालं, आता दिसायचं नाहीच' असं सांगून घरी बसवत नाही; शिबिर लागलं की पहिल्या गाडीत बसवून पाठवतात. आजीची लघवी सुटते तेव्हा मात्र तिच्या गादीवर मेणकापड पसरलं की घरच्यांना आपलं काम झालं असं वाटतं.

बाळंतपणाचंही तसंच. नॉर्वेतल्याच पासष्टीच्या आतल्या बायकांचे आकडे २००३ साली प्रसिद्ध झाले. मूल न झालेल्यांत १०.१ टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत १५.९ टक्के आणि नैसर्गिक बाळंतपण झालेल्यांत २१ टक्के बायकांना हा त्रास होता. म्हणजे बाळंतपणाने धोका वाढतो, यात शंका नाही. पण नैसर्गिक बाळंतपण झालेल्या पाचांतल्या जवळपास चौघींना त्रास नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. 'बाळंतपण झालं की व्हायचंच' म्हणणाऱ्यांनी या चौघींचं काय ते सांगावं. आणि मूल न झालेल्या दहांतली जी एक आहे, तिला कुणी काय सांगायचं? ती तर आपल्या दुखण्याला नावही देऊ शकत नाही, कारण तिच्या आजूबाजूला सगळ्यांनी ते दुखणं लेकुरवाळ्यांच्या नावावर लिहून टाकलेलं असतं.

आता शरीरात काय होतं ते पाहू, कारण 'वय' हे उत्तर देणारा हा भागच टाळत असतो. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक थर ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार त्याचाच. शिंक आली की पोटातला दाब एकदम वाढतो. त्याच क्षणी हे स्नायू आवळले गेले तर मूत्रमार्ग मिटलेला राहतो. ते सैल असतील तर लघवी सुटते. बाळंतपणात हे स्नायू ताणले जातात, आणि वाढलेलं वजन, जुना खोकला, कायमची बद्धकोष्ठता, वर्षानुवर्षं वाहिलेली ओझी या सगळ्याचा ताणही त्यांच्यावरच येतो. दुसरा प्रकार निराळा आहे. त्यात मूत्राशय पुरतं भरायच्या आधीच आवळायला लागतं. एकाएकी अशी जोरात लागते की थांबवता येत नाही. घराच्या कुलपात किल्ली घालताना किंवा नळाच्या पाण्याचा आवाज ऐकताना कळ येते. पुष्कळ जणींना दोन्ही त्रास एकत्र असतात. दोहोंचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे "शिंकताना सुटते की घाईची लागून सुटते?" हा पहिला प्रश्न हवा. तो न विचारता 'वय झालं' म्हणणं म्हणजे न तपासताच निदान करणं.

शिवाय वयाच्या नावाखाली भलतंच काही लपलेलं असू शकतं. मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातली वाढलेली साखर, रक्तदाबासाठी चालू असलेली लघवी वाढवणारी गोळी, पाळी गेल्यावर योनीमार्गाला आलेला कोरडेपणा, ही कारणं नेहमीची आहेत आणि प्रत्येकावर इलाज आहे. अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा गर्भाशय काढल्यानंतर रात्रंदिवस सतत गळत राहिलं, तर मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडलेलं असण्याची शक्यता असते, आणि ते शस्त्रक्रियेने बंद करता येतं. लघवीतून रक्त जात असेल, किंवा पायांत अचानक अशक्तपणा, जांघेत बधिरपणा आणि त्याच्या जोडीने लघवीवरचा ताबा सुटणं असं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. या बायकांनाही 'चालायचंच' म्हणून परत पाठवलं जातं, याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

"त्रास असता तर बायका बोलल्या नसत्या का?" हा प्रश्न मी सुशिक्षित पुरुषांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांनी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास पाहावा. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी झाली. ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास लघवीच्या त्रासापुरता नव्हता. पण बाई बोलत नाही म्हणजे तिला दुखत नाही, या समजुतीला त्या दोन गावांनी पुरतं उत्तर दिलं आहे.

बोलत नाहीत म्हणजे काय, ते गेल्या श्रावणात मी जवळून पाहिलं. ओळखीच्या घरी मंगळागौर होती. पन्नाशीतली एक बाई, जिच्यापुढे एकेकाळी बसफुगडीत कुणी टिकत नसे, भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होती. मुलींनी हात धरून ओढलं तेव्हा "गुडघा दुखतोय गं" म्हणाली. नंतर स्वयंपाकघरात वाटल्या डाळीचं पातेलं निपटता निपटता खालच्या आवाजात म्हणाली, "गुडघा कसला, उडी मारली की सुटते. सकाळपासून चहासुद्धा घेतला नाहीये." गडद जांभळी साडी तिने मुद्दाम नेसली होती, म्हणजे डाग दिसायला नको, आत जुन्या सुती साडीची घडी. एसटीत दाराजवळची जागा मिळाली नाही तर ती गाडी सोडते. देवळात गाभाऱ्यापर्यंत जात नाही, सोवळ्यातला स्वयंपाक करायला पुढे होत नाही. हे नवऱ्याला ठाऊक नाही, आणि रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही नाही, कारण त्यांनी विचारलेलं नाही आणि हिने सांगितलेलं नाही.

तिचा चहा-पाणी सोडण्याचा उपाय तिला घरातूनच मिळालेला आहे, आणि तो उलटा आहे. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट आणि दाहक होते, त्याने मूत्राशयाची चिडचिड वाढते, संसर्गाचा धोका वाढतो. बद्धकोष्ठता होते, आणि कुंथण्याचा ताण त्याच सैल स्नायूंवर पडतो. सर्वसाधारण बाईला दिवसाकाठी दीड ते दोन लिटर पाणी हवंच. मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या उन्हात राबणारीला त्याहून जास्त. कमी करायचाच असेल तर चहा-कॉफी कमी करावी आणि झोपायच्या आधीचे एक-दोन तास पाणी आवरावं.

इथे माझ्याच बाजूच्या काही मैत्रिणींशी माझा वाद आहे. त्या म्हणतात, खरा प्रश्न स्वच्छतागृहांचा आहे, तुम्ही उगाच त्याचा आजार करताय. स्वच्छतागृहांची लढाई मला मोलाची वाटते. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळीने तो विषय रस्त्यावर आणला. 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५मध्ये महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधण्याविषयी स्पष्ट निर्देश दिले. घाईची लागणारीला जवळ स्वच्छतागृह असणं म्हणजे बाहेर पडता येणं. पण शिंकताना जिची सुटते तिला दहा पावलांवर स्वच्छतागृह असून काय उपयोग? तिला स्नायू बळकट करून हवेत. एका मागणीने दुसरी बाजूला सारायची गरज नाही.

बाजाराचं उत्तर तिसरं. जाहिरातीतली बाई पॅड किंवा डायपर घालून हसत हसत नाचते आणि प्रश्न मिटतो. अंथरुणाला खिळलेल्या बाईला, लांबच्या प्रवासाला निघालेलीला, इलाजाचा गुण येईपर्यंतच्या काळात पॅड लागतातच, ते वापरण्यात लाज कसली? पण पॅड लघवी शोषतो, सुटणं थांबवत नाही. चाळिशीतल्या बाईला इलाज न सांगता पुढची तीस वर्षं दरमहा पॅड घ्यायला लावणं मला मान्य नाही.

सर्वांत घातक सल्ला मात्र दवाखान्यातून येतो: "पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल." या राज्यात पिशवी काढण्याचा सल्ला किती सैल हाताने दिला जातो हे आपल्याला बीडने दाखवलं. २०१९मध्ये ऊसतोड कामगार बायकांचं सरकारी सर्वेक्षण झालं, तेव्हा तपासलेल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांची कारणं वेगवेगळी होती: अंगावरून पांढरं जाणं, रक्तस्राव, कॅन्सरची दाखवलेली भीती. लघवीच्या त्रासाला मात्र हा उपाय लागूच होत नाही. उलट २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात, कॅन्सर नसताना गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढे लघवी सुटण्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक दिसलं. अंग बाहेर येत असेल तर तो वेगळा विचार आहे, आणि त्यातही आधाराची रिंग बसवण्यासारखा साधा उपाय आधी सांगितला गेला पाहिजे.

मग खरा पहिला इलाज कोणता? व्यायाम. हे म्हटलं की लगेच उत्तर येतं, "ते केगेल ना? केले महिनाभर, काही उपयोग नाही." या आक्षेपाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण तो प्रामाणिक आहे. अर्नॉल्ड केगेल हे लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला तेव्हा त्याच्याबरोबर एक उपकरणही दिलं होतं. योनीमार्गात बसवलेल्या त्या उपकरणावर बाईला आपला स्नायू किती आवळला जातोय हे डोळ्यांनी दिसायचं. बरोबर स्नायू सापडलाय का हे तपासणं हा त्यांच्या पद्धतीचा पाया होता. पुढे व्यायाम जगभर गेला आणि तपासणी मागे राहिली. १९९१ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला. नुसतं तोंडी समजावून सांगितल्यावर निम्म्याच बायकांना व्यायाम बरोबर जमला, आणि चौघींतली एक तर तो अशा रीतीने करत होती की त्रास वाढावा. ती आत ओढण्याऐवजी खाली जोर देत होती. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून व्यायाम करणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? "आपल्या योगात मूलबंध आहेच की" असं म्हणणाऱ्यांनाही माझा हाच प्रश्न आहे. मूलबंधात जो भाग आवळायचा तो हाच. पण वर्गात चाळीस जणींना एकदम "आवळा" म्हणून सांगितल्यावर कुणाची मांडी आवळली जातेय आणि कुणाचं पोट, हे शिक्षिकेला कसं दिसावं?

शिकवून, तपासून केलेल्या व्यायामाचा गुण मात्र निर्विवाद आहे. जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०१८ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आढावा घेतला. शिंकता-खोकताना लघवी सुटणाऱ्या बायकांपैकी व्यायाम केलेल्या ५६ टक्के जणींनी आपण बऱ्या झालो असं सांगितलं. काहीच न केलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. एवढा फरक पाडणारी गोळी निघाली असती तर ती गावोगावच्या औषधाच्या दुकानात मिळाली असती.

व्यायाम असा. आडवं व्हा किंवा खुर्चीत सैल बसा. चारचौघांत वायू सरू नये म्हणून जो भाग आपण आवळतो, तो आवळा आणि तसाच पुढे योनी आणि मूत्रमार्गापर्यंत आत, वर ओढा. पोट, मांड्या, नितंब सैल राहिले पाहिजेत. श्वास चालू राहिला पाहिजे. सहा ते आठ सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. सैल सोडणंही तेवढंच महत्त्वाचं, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. सुरुवातीला दोन-तीन सेकंदच धरता आलं तरी चालेल. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. महिनाभरात सोडून देणारीला गुण न येणं साहजिक आहे. स्नायूला बळ यायला वेळ लागतो. लघवी करताना मध्येच अडवून सराव करू नये, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. शिंक येतेय असं वाटताच, कळशी उचलायच्या आधी, हा भाग आधी आवळायचा आणि मग शिंकायचं. एवढी एकच गोष्ट नीट जमली तरी अनेकींना आठवड्याभरात फरक जाणवतो.

घाईची लागणाऱ्यांनी वहीत तीन दिवसांची नोंद करावी: काय प्यायलं, कधी गेलात, कधी सुटली. त्यातून आपल्याला किती वेळाने जावं लागतं हे कळतं. मग ती वेळ दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी लांबवायची. कळ आली की धावत सुटायचं नाही. जागच्या जागी थांबायचं, स्नायू चार-पाचदा झटपट आवळायचे, कळ ओसरू द्यायची आणि मग चालत जायचं. याला निदान सहा आठवडे द्यावेत. त्यानेही भागलं नाही तर गोळ्या आहेत. जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, आणि वयस्कर बाईच्या स्मरणशक्तीचा विचार करूनच त्या द्याव्या लागतात. मिराबेग्रॉन हे नंतर आलेलं औषध वेगळ्या पद्धतीने काम करतं. वजन जास्त असेल तर तेही कमी करण्यासारखं आहे. अमेरिकेत ३३८ बायकांवर झालेल्या चाचणीत वजन सरासरी ८ टक्क्यांनी उतरल्यावर लघवी सुटण्याच्या वेळा जवळपास निम्म्याने घटल्या. म्हणजे पंचाहत्तर किलोच्या बाईने सहा किलो कमी करणं.

शस्त्रक्रियेबद्दल 'अजिबात नको' म्हणणाऱ्यांची भीती निराधार नाही. मूत्रमार्गाखाली कृत्रिम जाळीची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया नव्वदच्या दशकात स्वीडनहून आली आणि झपाट्याने पसरली. अनेकींना तिचा चांगला गुण आला. पण काही जणींना जाळी रुतल्याने कायमची वेदना मागे लागली, आणि ब्रिटनने २०१८मध्ये तिचा वापर थांबवला. २०२०च्या तिथल्या चौकशी अहवालाने बायकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं कानाआड केल्या गेल्या, असं स्पष्ट नोंदवलं. म्हणून डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतील तेव्हा विचारा: आधी तीन महिने व्यायाम करून पाहू का? जाळी घालणार की माझ्याच शरीरातल्या ऊतींची पट्टी? त्रास झाला तर ती काढता येते का? या प्रश्नांची नीट उत्तरं देणारा सर्जन मिळाला, तर शस्त्रक्रियेला घाबरायचं कारण नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. "या दुखण्याने कुणी मरत नाही. रक्तक्षय आहे, कॅन्सर आहे. सरकारने याच्यासाठी पैसा कुठून आणायचा?" कुणी मरत नाही, हे पुरतं खरं नाही. घाईची लागली म्हणून म्हातारी रात्री अंधारात उठते, ओल्या मोरीत घसरते, खुब्याचं हाड मोडतं. अमेरिकेतल्या वयस्कर बायकांच्या अभ्यासात, आठवड्यातून एकदा तरी घाईने लघवी सुटणाऱ्यांत पडण्याचा धोका २६ टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचा ३४ टक्क्यांनी जास्त आढळला. खुब्याच्या त्या अंथरुणातून किती आज्या पुन्हा उठल्या, हे आपापल्या नात्यागोत्यात प्रत्येकाने आठवून पाहावं.

राहिला पैशाचा मुद्दा. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंचे व्यायाम शिकवणारी सत्रं सरकारी आरोग्य विम्यातून मिळतात. आपण बाळंतिणीला शेकतो, मालिश करतो, पोटपट्टा बांधतो, डिंकाचे लाडू खाऊ घालतो. ज्या स्नायूंनी बाळंतपणाचा सगळा ताण सोसला त्यांच्याकडे सव्वा महिन्यात कुणी वळूनही पाहत नाही. फ्रान्सइतका खर्च करा असं मी म्हणत नाही. बाळाच्या तपासणीसाठी आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतातच. तिशीच्या पुढच्यांची रक्तदाब, मधुमेह आणि कॅन्सरसाठी तपासणी होतेच. त्याच भेटीत आणखी एक प्रश्न विचारायचा: "शिंकताना, खोकताना किंवा घाईत लघवी सुटते का?" उत्तर 'हो' आलं तर त्या बाईला पाठवायचं कुठे, हे मात्र आधी ठरलेलं हवं. जिल्हा रुग्णालयात मोडलेल्या हाडांच्या रुग्णांना व्यायाम शिकवण्यासाठी फिजिओथेरपीची खोली असते. तिथेच आठवड्यातली एक दुपार पडदा लावून या बायकांसाठी राखून ठेवावी, आणि स्नायू बोटाने तपासून व्यायाम शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेली बाई तिथे बसवावी. मला हवी असलेली पहिली तरतूद एवढीच आहे, आणि ती पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत थांबायची गरज नाही.